टोपलीतलं गाव

आमची वहिनी गावभरचे फोन उचलते असं सांगितलं की शहरातली माणसं भुवया चढवतात. चढवा बापडे! आमच्या पेफ्कोरेमा गावात या, आपापल्या घरात उभं राहून एक फोन लावून दाखवा, आणि मग बोला.

गाव दोन डोंगरांच्या बेचक्यात आहे आणि चहूकडे पाइनचं रान. होतं म्हणायचं आता. रेंज मिळायची ती एकाच जागी, दियामांतोवहिनीच्या कॉफीच्या दुकानाच्या खिडकीत. तिथून डोंगरांच्या फटीतून समुद्र दिसतो आणि समुद्रापलीकडचा टॉवर. पूर्वी घरोघरी तारेचे फोन होते. मग कंपनीची माणसं आली, तांब्याची तार गुंडाळून घेऊन गेली आणि म्हणाली, आता मोबाईल घ्या सगळ्यांनी. घेतले. वाजेनात. तक्रार केली तर साहेब म्हणतो, "मूठभर म्हातारी माणसं तुम्ही, तुमच्यासाठी टॉवर कुठे परवडतो आम्हाला?"

मूठभर तर मूठभर. वहिनीने पावाची वेताची टोपली खिडकीत ठेवली आणि जाहीर केलं, "टाका रे आपापले फोन यात. वाजला की मी बघते."

तेव्हापासून गावाचे सगळे फोन त्या टोपलीत नांदायला लागले. कुणाचा कुठला ते कळावं म्हणून प्रत्येकाला रंगीत दोरा. सकाळी दुकान उघडलं की वाजायला सुरुवात. श्टुटगार्टहून कुणाचा मुलगा, मेलबर्नहून कुणाची नात, अथेन्सहून कुणाची सून.

"दियामांतोकाकू, जरा बाबांना द्या ना."

"बाबा तुझे कोंबड्यांना दाणे टाकायला गेलेत. साखर ठीक आहे. काल गोळी विसरले होते, मी चांगली कानउघाडणी केली. तू कधी येतोस ते सांग. आणि 'बघू' म्हणू नकोस, तुझं बघू ऐकून माझे कान किटले."

असं दिवसभर. एका हाताने कॉफी ढवळायची, दुसऱ्या हाताने फोन धरायचा. कॉफी मात्र पाणचट करायची, ते मी तिच्या तोंडावर सांगत आलेय. मी पागोना, तिची नणंद. आनेस्तिसदादाची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर मी त्यांच्याच शेजारच्या खोल्यांत राहायला आले. नणंदेचं काम भावजयीच्या चुका काढायचं, ते मी मनापासून केलं. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. गावातल्या प्रत्येक घरातलं भांडण, आजारपण, वाटण्या, सगळं तिच्या कानावरून गेलं, आणि त्यातला एक शब्द कधी दुकानाबाहेर पडला नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून मला त्याचं जास्त नवल. "अगं, मला तरी सांग," मी म्हणायची. "वन्सं, ती दुसऱ्याची ठेव आहे," ती म्हणायची आणि कप विसळत बसायची.

दादा राळ काढायचा. पाइनच्या सालीला चीर पाडायची, खाली पिशवी ठोकायची, भरली की खरवडून पिंपात. आमच्या बापाने तेच केलं, त्याच्याही बापाने तेच. दादाच्या अंगाला राळेचा असा वास की वहिनी म्हणायची, "याच्या शेजारी नुसती बाटली ठेवली तरी वाइन राळेची होते, वेगळी राळ घालायला नको." दादाचा फोन लाल दोऱ्याचा. रानात रेंज नाही, मग नेऊन करायचंय काय? तोही टोपलीत.

त्यांना एकच लेक, लेमोनिया. माझ्या आईचं नाव तिला. ही लेमोनिया शिकली आणि लागली कुठे, तर त्याच फोन कंपनीत, अथेन्सला! तार नेली त्यांनीच आणि लेकही त्यांनीच नेली, असं मी म्हटलं तेव्हा वहिनीने डोळे वटारले होते.

ईस्टरला लेमोनिया घरी आली, सळईवरचं कोकरू शेकोटीवर फिरत होतं आणि ही आपला कॉम्प्युटर उघडून बसली. देशाचा नकाशा, त्यावर मुंग्यांसारखे ठिपके.

"बाबा, हा एकेक ठिपका म्हणजे एकेक फोन. आग लागली, पूर आला, की आमच्या खोलीत लगेच कळतं, माणसं कुठे आहेत, निघाली की अडकलीत. मग बंब कुठे न्यायचे, बोटी कुठे लावायच्या, ते ह्यावरून ठरतं. कंपनी फुकट देते."

"म्हणजे बकरीच्या गळ्यातली घंटा," दादा म्हणाला.

"तसंच समजा. पण घंटेने माणसं वाचतात. उन्हाळे आता असेच येणार बाबा. पाऊस आला की पूर, नाही आला की वणवा. बंब थोडे, आगी फार. मग जिथे ठिपके जास्त तिथे आधी जायचं."

"टॉवर परवडत नाही आणि ठिपके परवडतात होय गं?" मी विचारलं.

"आत्या, तू ना!" ती हसली. पण पोरगी मनापासून करत होती, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन. मागच्या पुरात तिच्या नकाशावरून एका छपरावरची माणसं सापडली होती.  वहिनीने तिच्यावर फ्तू फ्तू करून दृष्ट काढली आणि शेजाऱ्यांना कोकराबरोबर लेकीचं कौतुकही वाढलं.

आता तो दिवस.

ऑगस्टचा उकाडा, आणि पलीकडचा डोंगर पेटून काही दिवस झालेले. कॉफीच्या टेबलांवर राख पडायची, वहिनी पुसायची, पुन्हा पडायची. चौकात एक बंब येऊन उभा होता, त्याच्या पोरांना ती सकाळ-संध्याकाळ खाऊ घालत होती. दुपार व्हायच्या आत वारा फिरला. आणि टोपली किंचाळली! सगळे फोन एकदम, एकाच कर्कश आवाजात. सरकारी निरोप: पेफ्कोरेमा रिकामं करा, किनाऱ्यावर जा, बोट येते आहे.

वहिनीने देवळाची घंटा बडवली, दारोदार जाऊन म्हाताऱ्यांना बाहेर काढलं, कुणाची काठी, कुणाच्या गोळ्या. आणि आमचे बंधुराज कुठे? पिकअपवर पाण्याची टाकी चढवून वर रानात निघालेले.

"वरच्या अंगाला पट्टा साफ करतो, आग तिथेच अडेल. तासाभरात खाली येतो."

"झाडांपायी मरायला चाललास?" वहिनी गाडीच्या दाराला लटकलीच.

"माझ्या बापाने चिरा पाडलेली झाडं आहेत ती."

बापाचं नाव निघाल्यावर मी काय बोलणार? गेला. वहिनीने बंबाच्या म्होरक्याला गाठलं. तो म्हणाला, "काकू, तुम्ही व्हा पुढे. आम्ही आहोत इथे. ते उतरेपर्यंत चौक सोडत नाही, झालं?" त्या शब्दावर ती निघाली. काखेत टोपली, वर टेबलाचं फडकं झाकलेलं. फोन ज्याचे त्याला वाटावेत हे तिच्या डोक्यातच आलं नाही, आणि गावातल्या एकालाही स्वतःचा फोन मागावा असं सुचलं नाही. घराबाहेर पडताना चुलीवरचं दूध बघावं तसं सगळ्यांनी फक्त विचारलं, "दियामांतो, टोपली घेतलीस ना?"

किनाऱ्यावर, पलीकडच्या टॉवरच्या अगदी समोर, मोठी बोट तोंड उघडून उभी होती. सगळे चढले. आम्ही दोघी शेवटी, उताराच्या पत्र्यावर. मी मागे वळून बघते तर आमचा बंब! गावाकडून खाली आला आणि किनाऱ्याच्या रस्त्याने सरळ दुसरीकडे निघून गेला.

"अहो!" वहिनीने पत्र्यावरच्या अधिकाऱ्याचा दंड धरला. तरुण मुलगा, हातात पाटीएवढा पडदा. "तो बंब कुठे चालला?"

"दाफ्नी गावाला, काकू. तुमचं गाव रिकामं झालं ना, आता तिकडे गरज आहे."

"रिकामं कुठे? माझा नवरा वर आहे! आनेस्तिस."

त्याने पडद्यावर बोट फिरवलं, आणि बिचाऱ्याचा चेहरा उजळला. "काळजी करू नका. आनेस्तिस बोटीवर आहेत. हे बघा, इथे. तुमच्या अगदी जवळच असतील, गर्दीत दिसत नसतील."

 वहिनी त्या पडद्याकडे बघत राहिली. मग तिने फडकं बाजूला केलं.

"अरे बाळा, तो माझ्या काखेत आहे रे! हे सगळं गाव माझ्या काखेत आहे!"

पोराने टोपलीत बघितलं. फोनच फोन, रंगीबेरंगी दोरे. त्याने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा टोपलीकडे.  मग तो कुठेतरी फोन लावायला लागला, आणि तिकडून कुणी उचलेना. तेवढ्यात टोपलीतला एक वाजला. लाल दोऱ्याचा.

वहिनीने उचलला. पलीकडून लेमोनिया रडत-हसत होती, इतक्या जोरात की मला शब्द न् शब्द ऐकू आला. "बाबा! बघितलं मी तुम्हाला! बोटीवर चढलात, मी इथून बघितलं! देवा, माझा जीव भांड्यात पडला."

"लेमो, मी आई."

"आई! दे बाबांना."

"ते इथे नाहीत."

"असं काय करतेस, तुझ्या शेजारी उभे आहेत! मी बघतेय ना!"

"लेमो," वहिनी म्हणाली, "टोपली."

  ती मुलगी त्याच दुकानात वाढली. तिचा पहिला मोबाईल, पिवळ्या दोऱ्याचा, त्याच टोपलीत पडलेला असायचा. वर्षानुवर्षं घरी फोन लावताना तो टोपलीत वाजतो हे तिला पाठ होतं. आणि नकाशावर ठिपके गावातून हलले, पाण्याकाठी गोळा झाले, तेव्हा तिला तिचा बाप चालताना दिसला! हिनेच खोलीत उठून सांगितलं होतं, आमचं गाव सुटलं, बंब मोकळा करा. मागाहून ते ऐकून मला हसावं की छाती पिटावी कळेना.

"साहेब!" ती तिकडे ओरडली. "साहेब, तो बंब परत पाठवा, गावात माणूस आहे, माझे वडील आहेत!" मग एका पुरुषाचा आवाज, दमलेला, वाईट नव्हे. "लेमोनिया, नकाशावर तिथे कुणीच नाही. सकाळपासून शेकडो लोक सांगतायत, आमचा अमका राहिला, तमका राहिला. तीन बंब, बारा गावं. ठिपका सोडून नुसत्या शब्दावर मी गाडी कशी फिरवू? तूच सांग."

 लेमोनियाचं रडणं तेवढं ऐकू येत होतं.

वहिनी ते ऐकत उभी होती. आयुष्यात मी तिला पुष्कळदा चिडलेलं बघितलंय. तेव्हा ती चिडली नाही. तिचा चेहराच पुसल्यासारखा झाला.

"म्हणजे ठिपके हवेत तुझ्या साहेबाला," ती फोनमध्ये म्हणाली. "थांब. आणते."

आणि टोपली काखेत मारून पत्र्यावरून खाली उतरली.

"दियामांतो! वेडी झालीस का!" बोटीवरून ओरडा झाला. "अगं माझा फोन!"

"तुझाच फोन कामाला आलाय, बस गप!" तिने वळूनही बघितलं नाही.

तो अधिकारी धावला, तिने त्याला ढकललं. मी काय करायचं? माझे गुडघे असे, छातीत धाप अशी. पण माझा सख्खा भाऊ वर, भावजय निघाली आगीत, आणि मी काय बोटीत बसून समुद्र बघू? शिव्या घालत निघाले तिच्यामागे. तिला, दादाला, कंपनीला, आणि तार नेणाऱ्यांच्या सात पिढ्यांना.

चढावर धूर असा की पुढचं माणूस दिसेना. झाडं पेटताना राळ तडतडते, तो आवाज मी त्याआधी फक्त शेगडीत ऐकला होता. सबंध डोंगर तसा तडतडत होता. वहिनीने फडकं तोंडाला बांधलं, मी डोक्याचा रुमाल. एका वळणावर मी बसलेच. ती परत आली, मला बगलेत धरून उठवलं, आणि टोपली माझ्या हातात दिली. "पडू देऊ नका, वन्सं."

दुकानाला कुलूप नव्हतंच. आत शिरलो, तिने टोपली खिडकीत ठेवली, नेहमीच्या जागी. क्षणभर काहीच नाही. मग एकेक फोन जागा व्हायला लागला, टिंग, टुंग. आणि मग सगळ्या जगाने एकदम हाका मारल्या. श्टुटगार्ट, मेलबर्न, अथेन्स, सगळ्यांची पोरं आपापल्या म्हाताऱ्यांना शोधत होती. वहिनीने एकही उचलला नाही. त्या एका दुपारी, पहिल्यांदाच. फक्त लाल दोऱ्याचा कानाला लावला.

"दिसताय," लेमोनिया म्हणाली. आवाज ओळखू येईना. "आई, सगळे दिसताय." आणि मग ती त्या खोलीत अशी ओरडली की माझ्या अंगावर आजही काटा येतो. "पेफ्कोरेमा! पेफ्कोरेमाची माणसं परत फिरलीत! सगळं गाव आगीत परत आलंय!"

खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, कुणी "मरियामाते!" म्हणालं. नकाशा खोटा नव्हता म्हणे. फोन तिथेच होते ना.

आधी पाण्याची विमानं आली, दोन, छपरांना घासून गेल्यासारखी, आणि वरच्या अंगाला पाणी ओतून गेली. मग बंब. ब्रेक कचकन् लागले, तोच सकाळचा म्होरक्या उडी मारून आत आला, मागे त्याची माणसं. चौक बघितला, दुकान बघितलं.

"कुठे आहेत? लोक कुठे आहेत सगळे?"

वहिनीने खिडकीकडे बोट दाखवलं. वाजणाऱ्या टोपलीकडे.

त्याला समजायला वेळ लागला. समजल्यावर त्याने हेल्मेट काढून टेबलावर आपटलं आणि आमच्या दोघींच्या आईचा उद्धार केला. ऐकून घेतलं. "वर एकच माणूस आहे," वहिनी म्हणाली. "पाणवठ्यावरून उजवीकडे, राळेच्या वाटेने. मला मग तुरुंगात टाका. आधी जा."

गेले. बंबवाले शिव्या देतात, पण जातात.

आणला त्याला. पिकअप जळाली होती, पट्टा राहिला होता अर्धा, आणि आमचा शहाणा गाडीवरून लांब उतरवलेल्या पाण्याच्या रिकाम्या टाकीत अंगाची घडी करून बसलेला सापडला. भुवया नाहीत, हात सोलवटलेले, पण श्वास चालू. वहिनी त्याच्या छातीवर मुठी मारत होती आणि तो खोकत म्हणत होता, "अगं हळू, उरलेला तरी ठेव." मी रडत रडत म्हटलं, "दादा, तू शिजलेल्या खेकड्यासारखा दिसतोस." देव तारी त्याला कोण मारी, असं मी त्या संध्याकाळी बंदरावरच्या शाळेत, जिथे सगळ्यांना ठेवलं होतं, येईल त्याला सांगत सुटले. वहिनी ज्याचा त्याला फोन वाटत होती. गावाने तिला उचलून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेमोनिया आली. दारात उभी राहिली. बाप हातांना पट्ट्या बांधून समोर बसलेला, त्याने हात पसरले, आणि ही जागची हलेना.

"ये ना," मी म्हटलं. "खातो की काय तो?"

"आई," ती म्हणाली, "बंब दाफ्नीच्या वाटेवर होता."

"माहीत आहे."

"दाफ्नीत एक ठिपका होता. एकच. त्याच्यासाठीच चालला होता तो. मी ओरडले तेव्हा साहेबांनी विचारलं, दाफ्नीचं काय? एक आहे तिथे." तिने ओठ घट्ट दाबले. "मी म्हटलं, कुणीतरी फोन विसरून गेलं असेल. मला खरंच तसं वाटलं, आई. नुकतीच टोपली कळली होती ना मला. फोन म्हणजे माणूस नव्हे, हे नुकतंच कळलं होतं. मी सांगितलं, तो नुसता फोन आहे. आणि तो विझला. मी बघत होते. होता, आणि मग नव्हता."

 दादाचे पसरलेले हात तसेच राहिले.  माझा भाऊ जिवंत म्हणून मी आदल्या रात्री देवाला मेणबत्ती लावली होती. कुणाच्या बदल्यात, ते मला ठाऊक नव्हतं.

वहिनीने एवढंच विचारलं, "कोण?"

स्तेर्गियोस. मधमाश्या पाळायचा तो म्हातारा. दाफ्नीचे सगळे निघाले, तो पोळ्यांच्या पेट्या ट्रॅक्टरवर चढवायला मागे राहिला. आमच्या दादासारखाच गाढव. त्यांच्यात फरक एवढाच, की त्याला टोपलीवाली बायको नव्हती.

घरं वाचली होती म्हणून परतलो, आणि दोन दिवसांनी पेपरात आलं, कंपनीचा फोटो, कंपनीचं कौतुक. गाव आगीत परत फिरलं ते नकाशाने वेळेत पकडलं, आणि हवामानाच्या संकटात विज्ञान कसं धावून येतं वगैरे. दाफ्नीबद्दल एक ओळ: दुर्दैवाने एक बळी. मी पेपर चुलीत घातला. लेमोनियाला बढती देणार होते म्हणे. ती खोलीत पडून होती, खात नव्हती.

स्तेर्गियोसच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला वहिनीने गहू उकडले, त्यात डाळिंबाचे दाणे, बदाम, वर साखर. मेलेल्यासाठी करतात तसे. ते घरच्यांनी करायचे असतात, परक्याने नव्हे. मला शंका आली.

"काय करायला चाललीस तू?"

"त्याच्या लेकीला सांगायला."

"डोकं फिरलंय का? आपलं ठेवावं झाकून! तुला कुणी विचारलंय? कुणाला माहीत आहे? तुझी लेक तुरुंगात जाईल, कळतंय?"

"वन्सं," ती म्हणाली, "ज्याची ठेव त्याला द्यायला नको?"

मग मी काय, गेले बरोबर. दाफ्नीचं देऊळ शाबूत होतं, भोवतीचं सगळं कोळसा. प्रार्थना झाली. स्तेर्गियोसची मुलगी आग्लाया दाराशी उभी होती, काळे कपडे, डोळे कोरडे. आमच्या वयाची नाही, पन्नाशीची असेल. लोक हात हातात घेऊन पुढे जात होते. वहिनी पुढे गेली नाही. गव्हाचं ताट धरून उभी राहिली आणि सगळं सांगितलं. टोपली, बोट, साहेब, ठिपके. काही गाळलं नाही, काही सजवलं नाही. लेकीने काय म्हटलं तेही सांगितलं. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता ही हिच्या तोंडावर थुंकणार.

आग्लायाने शेवटपर्यंत ऐकलं.

"किती फोन होते टोपलीत?" तिने विचारलं.

"टोपली भरून होती, बाई."

"बाबांकडे एकच होता," आग्लाया म्हणाली. "मीच गळ्यात अडकवून दिला होता त्यांच्या. काढू नका म्हटलं, झोपतानासुद्धा. कुठे आहात ते आम्हाला कळत राहील."